बुटक्या ओट्याची उचलबांगडी

त्या खोक्यावरच्या हसऱ्या माणसाला मला एकदा भेटायचं आहे. सुट्या फळ्यांची कपाटं विकणाऱ्या कंपन्या खोक्यावर एक माणूस छापतात, तुम्ही पाहिला असेल. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात एकच स्क्रू ड्रायव्हर, कपाळावर घामाचा टिपूस नाही आणि शेजारी तयार कपाट. चित्रात त्याची आई नाही, बायको नाही, वरच्या मजल्यावरचे काका नाहीत, म्हणून हसतोय लेकाचा. शिवाय तो कपाट जोडताना हसतोय. तेच कपाट घर बदलताना न मोडता सोडवून दाखव म्हणावं, मग बघू किती दात दिसतात ते. या विषयावर बोलताना माझा आवाज चढतो, तो चढू द्यावा. डॉक्टरांनी खांदा हलवू नका म्हणून सांगितलंय, तोंडाबद्दल ते काही बोललेले नाहीत.

आमच्या स्वयंपाकघरातली कपाटं मी स्वतः जोडली होती आणि, हे महत्त्वाचं, स्वतः कापली होती. आईच्या गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून तिला उभं राहून काम होत नाही. बसून होतं. पण बाजारातला ओटा उभ्या माणसाच्या मापाचा. स्टुलावर बसलं की तो हनुवटीला लागतो. म्हणून मी खालच्या सगळ्या कपाटांच्या फळ्या वीतभर कापल्या आणि ओटा बुटका केला. करवत मागून आणलेली होती, रेघ सरळ आली नाही, एका कोपऱ्यात ठेवलेला बटाटा आजही आपोआप गॅसकडे चालायला लागतो. पण आई स्टुलावर बसून स्वयंपाक करू लागली आणि घरात पुन्हा तिचा आवाज फिरू लागला, त्यामुळे बटाट्याबद्दल कोणी तक्रार केली नाही.

मग घरमालकाला आपलं घर परत हवंसं झालं. मुलाचं लग्न ठरलंय म्हणाला. आम्ही दुसरं घर शोधलं, भाड्याचंच. त्याचं स्वयंपाकघर म्हणजे चार भिंती आणि भिंतीतून बाहेर डोकावणारे दोन पाइप. ओटा नाही, कपाट नाही, काही नाही. आईने ते घर पाहिलं, पाइपांकडे पाहिलं आणि घरी आल्यावर एकच वाक्य बोलली.

"माझा ओटा तिकडे आला तर मी येईन. नाहीतर मला थोरल्याकडे सोड."

थोरला म्हणजे माझा दादा. माणूस वाईट नाही. पण त्याच्या घरी स्वयंपाकाला बाई आहे आणि आईला हॉलमध्ये टीव्हीसमोर एक खुर्ची आहे. मागे ती तिकडे राहून आली, तेव्हा दारातून आत आल्या आल्या हात धुऊन तिने भाजीची टोपली पुढ्यात ओढली. "तिकडे मी पाहुणी आहे," म्हणाली. "पाण्याचा ग्लाससुद्धा हातात आणून देतात." एकदा त्या खुर्चीत जाऊन बसली, तर ती तिथून परत यायची नाही, याची मला खात्री होती. म्हणून मी ठरवलं, कपाटं न्यायची. न मोडता सोडवायची आणि तिकडे जशीच्या तशी उभी करायची.

आधी सुतार बोलावला. त्याने फळीवर अंगठा दाबला, अंगठ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. या पाहण्यात जी दया होती तिची मला चीड आली.

"साहेब, हा भुसा आहे," तो म्हणाला. "भुसा दाबून वर कागद चिकटवलाय. हे एकदाच जोडायचं असतं. सोडवलं की भोकं मोठी होतात, परत स्क्रू धरत नाही."

"मग घर बदलताना लोक काय करतात?"

"तोडतात. आणि नवीन घेतात. माझ्याकडे आहेत, दाखवू?"

म्हणजे याचा सगळा अभ्यास नवीन कपाटं खपवण्यापुरता. बरं, नवीन घेऊन परत वीतभर कापायची म्हटलं तर हल्लीच्या कपाटांना खाली प्लास्टिकचे पाय आणि मध्ये लोखंडी पट्ट्या. कापायची सोयच ठेवलेली नाही. मी त्याला दारापर्यंत पोचवलं आणि दार जरा जोरात लावलं.

दाराचा आवाज वरच्या मजल्यावर गेला असावा, कारण लगेच पेटीकाका खाली आले. पेटीकाका हे निवृत्त गृहस्थ. त्यांच्याकडे हत्यारांची एक मोठी लोखंडी पेटी आहे. ती ते कोणाला देत नाहीत. पक्कड मागितली तर पक्कड येते, पण तिच्यासोबत काकाही येतात आणि पक्कड वापरून होईपर्यंत बोलत राहतात. त्यांच्या म्हणण्यानुसार त्यांनी आयुष्यात अनेक कपाटं सोडवली आहेत. कोणाची, ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि ज्यांची सोडवली ती माणसं पुढे आली नाहीत.

"सगळ्यात आधी काय कराल?" त्यांनी मला परीक्षेला बसवलं.

"स्क्रू काढीन."

"झालं. संपलं. फळी डोक्यात." काकांनी डोळे मिटले. "आधी रिकामं करायचं. मग दारं. मग खण. मग वरची फळी. मग कपाटं एकमेकांपासून सुटी. पाण्याचा कॉक बंद. आणि भिंतीवरच्या कपाटाला खालून आधार दिल्याशिवाय त्याच्या स्क्रूला बोट लावायचं नाही. प्रत्येक फळीवर चिकटपट्टी, पट्टीवर नंबर. प्रत्येक कपाटाचे स्क्रू वेगळ्या डब्यात. समजलं?"

सगळं बरोबर होतं, हेच तर जास्त झोंबलं. चुकीचा सल्ला माणूस हसून सोडून देतो. बरोबर सल्ला कमरेवर हात ठेवून दिला की तो घशाखाली उतरत नाही. तरी मी उतरवला, कारण पक्कड त्यांचीच होती.

कामाला हात घालणार, तोच सोसायटीच्या सेक्रेटरींचा निरोप आला. घरमालकाने त्यांना फोन केला होता, की भिंतीला स्क्रूने लागलेली वस्तू ही भिंतीची, आणि भिंत त्याची. सेक्रेटरींच्या सहीशिवाय फाटकातून कपाट बाहेर जाणार नव्हतं. मी सेक्रेटरींच्या घरी गेलो. ते टेबलामागे बसले होते. स्वतःच्याच घरात टेबलामागे बसणारा माणूस मला तरी पहिल्यांदाच दिसला.

"कपाटं तुमची आहेत याला पुरावा?"

"मी विकत घेतली."

"पावती?"

"ते दुकानच आता नाही."

"मग कपाटं तुमची आहेत असं मी कशावरून म्हणू?"

"मी जोडली म्हणून. मी कापली म्हणून. आत फळीवर माझ्या रक्ताचा डाग आहे, तो तपासायला पाठवा."

"आवाज खाली," सेक्रेटरी म्हणाले. "पाहणी करावी लागेल."

आता मला सांगा, या माणसाला रोज सकाळी जिन्यात भेटतो, तो माझ्या घरी चहा पिऊन गेलेला आहे, त्या चहाचा कप याच ओट्यावरून उचललेला आहे. पण नाही. पाहणी. दुसऱ्या दिवशी गळ्यात चष्म्याची दोरी अडकवून ते पाहणीला आले. त्यांनी दारं उघडली, आत डोकावले, भिंतीवर टकटक केली. मग सिंकखालचा पाइप बघायला म्हणून ओट्यावर वाकले. उभ्या माणसाने त्या ओट्यावर वाकायचं म्हणजे कमरेतून पुरतं दुमडावं लागतं. सेक्रेटरी दुमडले. उलगडायची वेळ आली तेव्हा मात्र घोडं अडलं.

"अहो, धरा मला," ते सिंकमध्ये तोंड घालून म्हणाले.

मी आणि बायकोने त्यांना धरून टप्प्याटप्प्याने सरळ केलं. ते बराच वेळ कंबर धरून उभे राहिले. "कोणताही शहाणा मालक असला ओटा बसवणार नाही," ते म्हणाले. "पुरावा पुरे झाला. न्या तुमची कपाटं." मग त्यांनी सिंककडे एकदा रागाने पाहून विचारलं, "इथे रोज भांडी कोण घासतं?"

"मी," माझी बायको म्हणाली.

तेवढंच म्हणाली. पण स्वयंपाकघरात एकदम शांतता पसरली. आई स्टुलावर बसून शेंगा सोलत होती, तिचा हात थांबला. मी आपला सही मिळाल्याच्या आनंदात होतो, मला ती शांतता दाराबाहेर सेक्रेटरींना पोचवून परत आल्यावर ऐकू आली.

त्या संध्याकाळी बायकोने मला गॅलरीत गाठलं. "नव्या घरी सिंक तरी माझ्या उंचीचं करा. माझी पाठ गेली वाकून वाकून." मी म्हटलं, हो. थोड्या वेळाने आई म्हणाली, "ओटा जसाच्या तसा येणार ना रे? का तिला उंच करायचाय?" मी म्हटलं, जसाच्या तसा. दोघींना मनापासून हो म्हटलं. घरात शांतता हवी असली की मी दोन्हीकडे मान हलवतो आणि पुढचं पुढे बघू म्हणतो. पुढचं आपोआप पुढे येतंच, ते वेगळं सांगायला नको.

सोडवायचा दिवस उजाडला. पेटीकाका पेटीसकट हजर. दारं निघाली, खण निघाले, मी प्रत्येक फळीवर पिवळी चिकटपट्टी लावली आणि त्यावर ठळक अक्षरांत खुणा केल्या. ग म्हणजे गॅसकडचं, स म्हणजे सिंकचं, डा म्हणजे डावी बाजू, उ म्हणजे उजवी. स्क्रूसाठी आईने रिकाम्या बरण्या दिल्या. आमच्याकडे रिकामी बरणी टाकत नाहीत, धुऊन ठेवतात, त्यामुळे बरण्यांची ददात नव्हती.

या कपाटांत खिळे नसतात. फळीच्या पोटात एक गोल लॉक असतं. ते अर्धं फिरवलं की सुटतं. अर्ध्याहून पुढे फिरवलं की परत लागतं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. काकांनाही माहीत नव्हतं, पण त्यांनी तसं कबूल केलं नाही. "फिरवा, अजून फिरवा," ते सांगत राहिले. मी फिरवत राहिलो. लॉक सुटत होतं, लागत होतं, सुटत होतं, लागत होतं, आणि आम्ही दोघं फळी ओढत होतो नेमकं ते लागल्यावर. शेवटी माझं डोकं फिरलं आणि मी फळीला हिसका दिला. फळी आली. लॉकही आलं, सोबत मूठभर भुसा घेऊन.

"हळू," काका म्हणाले.

"हळूच केलं," मी ओरडलो.

मग भिंतीवरचं कपाट. काकांनी खालून दोन्ही हातांनी आधार दिला आणि मी स्टुलावर चढून स्क्रू काढायला लागलो. सगळं अगदी नियमाप्रमाणे. शेवटचा स्क्रू निघत असताना काकांच्या खिशात फोन वाजला. ज्या माणसाने मला आधाराचं महत्त्व शिकवलं, त्याने एक हात काढून खिशात घातला. "हॅलो" म्हणाले ते मी ऐकलं. कपाट आधी माझ्या खांद्यावर आलं, मग मी स्टुलावरून खाली आलो, मग आम्ही दोघं, म्हणजे मी आणि कपाट, एकमेकांना धरून फरशीवर बसलो. कपाटाला ओरखडासुद्धा आला नव्हता. काका फोनवर सांगत होते, "नंतर करतो, इथे जरा कामात आहे."

खांदा टम्म सुजला. काकाच मला दवाखान्यात घेऊन गेले आणि रांगेत बसल्या बसल्या त्यांनी शेजारच्या रोग्याला भिंतीवरचं कपाट कसं काढावं ते समजावून सांगितलं. मी परत आलो तेव्हा हात गळ्यात बांधलेला होता, आणि सगळ्या फळ्या जुन्या चादरींत गुंडाळून, दोरीने बांधून भिंतीला टेकवून ठेवलेल्या होत्या. मला बरं वाटलं. चला, आपण नसताना घरच्यांनी काम केलं. मी चादर उघडून पाहिली नाही. कोण पाहतं?

सामान हललं. गाडीवाल्याच्या माणसांनी जिन्यात दोनदा फळी आपटली आणि दोनदा मला म्हणाले, "साहेब, तुम्ही बाजूला व्हा, तुमच्यामुळे आपटतेय." त्यावर मी काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण एकदाच्या सगळ्या फळ्या नव्या स्वयंपाकघरात पोचल्या. बायकोने दोऱ्या सोडल्या. मी एका हाताने पहिली चादर बाजूला केली.

फळ्या चकचकीत होत्या. पांढऱ्या, स्वच्छ, कोऱ्या. एकाही फळीवर चिकटपट्टी नव्हती.

"पट्ट्या कुठे आहेत?" मी विचारलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"काढल्या," आई म्हणाली. दाराशी तिच्या स्टुलावर बसली होती ती, चेहऱ्यावर चांगलं काम केल्याचं समाधान. "किती चिकट राहिलं होतं त्यांचं. गरम पाण्यात सोडा घालून सगळं घासून काढलं. नव्या घरात मळकं सामान न्यायचं नसतं."

"आणि स्क्रू?"

"ते पण धुतले. तू काय वेगवेगळ्या बरण्यांत अर्धे अर्धे भरले होतेस. मी एकसारखे एकत्र केले. लांब एका बरणीत, आखूड एका बरणीत. आता कसं नीट दिसतंय."

नीट दिसत होतं. बरण्या आरशासारख्या होत्या. आणि मी फुटलो. खांद्याची कळ, काकांचा फोन, सेक्रेटरींचं टेबल, सुताराचा अंगठा, घरमालकाची भिंत, सगळं एकदम तोंडावाटे बाहेर पडलं आणि ते सगळं आईवर पडलं. मी म्हटलं, तुला कोणी सांगितलं होतं हात लावायला. मी म्हटलं, जिथे तिथे घासत सुटतेस. मी म्हटलं, हे सगळं मी कोणासाठी केलं, तुझ्यासाठी केलं, तुझ्या त्या ओट्यापायी माझा खांदा गेला, आणि तूच त्याची वाट लावलीस. शेवटी मी म्हटलं, आता हा ओटा काही उभा राहत नाही.

आई उठली, भिंतीला धरून बाहेरच्या खोलीत गेली आणि तिने दादाला फोन लावला. "ऑफिसातून येताना मला घेऊन जा," एवढंच बोलली.

दादा आला. त्याने काही विचारलं नाही, तो विचारत नाही, तो कामाचा माणूस आहे. आईची कपड्यांची पिशवी उचलली, खाली जाऊन गाडीत ठेवली आणि आईला जिना उतरायला मदत करायला परत वर आला. तेवढ्या वेळात मी स्वयंपाकघरात फळ्यांच्या मधोमध एक हात गळ्यात अडकवून उभा होतो. मला राग येत होता, आणि आता तो कोणावर काढावा ते समजत नव्हतं. बायको समोर येऊन उभी राहिली.

"ओरडून झालं?" तिने विचारलं.

"तुला काय, तुला उंच ओटा हवाच होता."

हे बोलायला नको होतं, हे मला तिच्या डोळ्यांकडे पाहून लगेच समजलं. इतकी वर्षं संसार केला, पण तिला इतकं संतापलेलं मी पाहिलं नव्हतं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर परवडलं असतं.

"मला उंच ओटा हवा म्हणजे आई नकोत, असं मी कधी म्हटलं?" ती म्हणाली. "तुम्ही मला हो म्हणालात, त्यांना हो म्हणालात. आम्ही दोघी एकाच स्वयंपाकघरात असतो. आम्हाला एकत्र बसवून विचारायला तुमचं तोंड दुखत होतं?"

एवढं बोलून ती बाहेर गेली.

बाहेर आई चपला घालत होती. दादाने तिचा कोपर धरला होता. बायको म्हणाली, "आई, जायचं तर जा. पण त्याआधी गॅसखालची फळी कोणती ते दाखवून जा. तुम्हीच पुसलंय, तुम्हीच सांगा. नाहीतर मी काय करू त्या ढिगाचं?"

आईने दादाकडे पाहिलं. "दोन मिनिटं," ती म्हणाली आणि चपला काढल्या.

ती स्टुलावर बसली. बायको एकेक फळी तिच्यापुढे धरायला लागली. "ही गॅसखालची," आई म्हणाली. "नाही, ही सिंकची," बायको म्हणाली, "हिची कड पाण्याने फुगलीय, बघा." "अगं ती डावी होती." "डावीच, पण सिंकची डावी." अशी जुंपली दोघींची. अर्ध्या फळ्या आईने चुकीच्या सांगितल्या, अर्ध्या बायकोने. पण चुकलेली लागत नव्हती म्हणून आपोआप बाजूला होत होती आणि बरोबर होती ती लागत होती. दादा ऑफिसच्या कपड्यांत दारात उभा होता. "भाऊजी, उभे काय, ही धरा," बायको म्हणाली, आणि दादाने टाय खांद्यावर टाकून फळी धरली. मला कोणी काही धरायला सांगितलं नाही.

सुतार म्हणाला होता तेच झालं. भोकं मोठी झाली होती. स्क्रू आत जाऊन गरागरा फिरत होते आणि काही धरत नव्हते. मला वाटलं, संपलं. बायको उठली, काडेपेटी घेऊन आली. तिने काड्यांची डोकी मोडली, काड्या गोंदात बुडवल्या आणि एकेका भोकात ठासून भरल्या. तिचे वडील जुन्या खुर्च्यांना असंच करायचे म्हणे. मग स्क्रू. स्क्रू बसला. आई म्हणाली, "कडांनाही लाव गोंद. म्हणजे हलायचं नाही." बायकोने कडांनाही लावला. बाटली संपेपर्यंत लावला.

मग बायको म्हणाली, "आई, सिंकचं कपाट मी ठोकळ्यांवर चढवणार आहे. माझ्या उंचीचं."

"चढव ना," आई म्हणाली. "मला काय सिंकवर बसायचंय? मला गॅस आणि चिरायला जागा पुरे. पण इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्हाला वाटलं असतं, मला तुमचा ओटा नको."

"वाटलंच असतं," आई म्हणाली आणि पुढच्या फळीकडे हात केला.

गाडीवाल्याची माणसं सामानाखाली ठेवायचे लाकडी ठोकळे विसरून गेली होती. दादाने आणि बायकोने सिंकचं कपाट उचललं, मी एका हाताने खाली ठोकळे सरकवले. ते काम मला देण्यात आलं, ते मी केलं, आणि शाबासकी मिळाली नाही. ओट्याची वरची फळी मुळात दोन तुकड्यांची होती, त्यामुळे एक तुकडा वर गेला, एक खाली राहिला. अर्धा ओटा उंच, अर्धा बुटका. दिसायला अत्यंत वेडंवाकडं झालं. घरात येणारा प्रत्येक माणूस हसणार आहे, आणि प्रत्येकाला मला उत्तर द्यावं लागणार आहे.

आई स्टूल सरकवत बुटक्या बाजूला गेली आणि तिने कोपर टेकवून बसून पाहिलं. बायको उंच बाजूला ताठ उभी राहिली. दादाने शर्टाच्या बाह्या खाली घेतल्या. त्याच्या टायवर गोंद लागला होता, तो नखाने खरवडत तो इकडेतिकडे बघत होता.

"पण हे भाड्याचं घर आहे ना?" तो म्हणाला. "तुम्ही तर सगळं चिकटवून टाकलंत. पुढच्या वेळी घर बदलाल तेव्हा हे सोडवणार कसं?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तयार होतं आणि ते चांगलं लांबलचक होतं. पण बायको आधी बोलली.

"नाही सोडवणार," ती म्हणाली. "ओटा इथेच टाकून जाऊ. आईंना घेऊन जाऊ."

दादाने टाय सोडला. तो आईकडे बघायला लागला, मीही बघायला लागलो. आई स्टुलावरून उठली नाही. तिने ओट्यावरून एकदा हात फिरवला आणि आमच्यापैकी कोणाकडेही न बघता दादाला म्हणाली, "खाली जा आणि माझी पिशवी वर आणून दे."